मिस्त्री, डेंटर आणि एक फियाट

जुनी गाडी दुरुस्तीला काढली की सगळे आधी रंगाचं विचारतात. मूळचाच देणार का? पुण्यातल्या ज्या गॅरेजमध्ये ही १९६८ची फियाट ११०० डिलाइट उभी आहे, तिथले मिस्त्री या प्रश्नाला उत्तरच देत नाहीत. ते जॅक लावून पुढचं डावं चाक उचलतात, एक हात चाकाच्या माथ्यावर आणि दुसरा तळाशी ठेवून चाक हलवतात. चाक डुगडुगतं. मग आत बसलेल्या पोराला ब्रेक दाबून धरायला सांगतात आणि पुन्हा हलवतात. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग सैल आहे, राहिला तर चाक जिच्यावर वळतं ती किंगपिन झिजली आहे. इथे तो राहिला.

या गाडीला वेगळी चॅसी नाही. इटलीत १९५३ साली ११००/१०३ हे मॉडेल आलं तेव्हापासून बॉडीचा पत्रा हाच तिचा सांगाडा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि पुढे पद्मिनी या नावांनी बनवली ती हीच गाडी. मागे पाटे, पुढे मात्र प्रत्येक चाकाचं सस्पेन्शन स्वतंत्र: वर एक आर्म, खाली एक आर्म, कॉइल स्प्रिंग, शॉकअप आणि दोन्ही बाजूंना जोडणारा अँटीरोल बार. हे सगळं शेवटी बॉडीलाच धरलेलं असतं. तिथलाच पत्रा कुजला असेल तर किंगपिन कितीही नवी घाला, चाक सरळ राहणार नाही. म्हणून गाडी आधी मिस्त्रीकडे, मग डेंटरकडे आणि शेवटी पेंटरकडे अशी फिरवायची रीत मला मुळातच चुकीची वाटते. या गॅरेजमध्ये मिस्त्री आणि डेंटर एकाच गाडीखाली शेजारी शेजारी आडवे असतात. इथे गाडी आणायचं खरं कारण तेच.

गाडी घोडीवर चढली की स्प्रिंगपासून सुरुवात. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस जायबंदी करण्याइतका जोर असतो, त्यामुळे ती नीट आवळून धरल्याशिवाय आर्मचा एकही बोल्ट सुटत नाही. आर्मच्या मागे पातळ शिम असतात. चाकाचे कोन, म्हणजे कॅम्बर आणि कॅस्टर, त्यांच्यावर ठरतात. मिस्त्री प्रत्येक जागेचे शिम तारेत ओवून त्यावर खडूने खूण केलेला पत्र्याचा तुकडा बांधतात. डावे-उजवे मिसळले तर नंतर अलाइनमेंटवाल्याच्या डोक्याला ताप.

किंगपिन मात्र सहज निघत नाही. ती अडकवणारी कॉटर आधी निघाली पाहिजे, आणि वर्षानुवर्षं ग्रीस न मिळाल्याने सगळं गंजून एकजीव झालेलं असतं. रॉकेल पाजून रात्रभर ठेवायचं, सकाळी गॅसने शेक द्यायचा, मग घण. बाहेर आलेल्या पिनवर एका अंगाला नखाला लागेल एवढी खाच पडली होती. नवे बुश प्रेसवर बसवताना त्यांचं भोक ग्रीस निपलच्या भोकासमोर आलंच पाहिजे. बुश थोडा जरी फिरून बसला तरी बाहेरून कितीही ग्रीस मारा, पिन कोरडीच राहते. त्यानंतर रीमर. हे काम मिस्त्री कोणाला देत नाहीत. रीमर अर्धा वळसा फिरवतात, पुसतात, पिन घालून बघतात, पुन्हा फिरवतात. पिन अंगठ्याच्या दाबाने आत सरकली आणि सोडल्यावर आपोआप खाली घसरली नाही, की काम झालं.

तोवर डेंटर लोहचुंबक घेऊन दरवाजांखालच्या पट्टीवर फिरत होता. चुंबक पत्र्याला चिकटतं, खड्डे बुजवायच्या लांबीला चिकटत नाही. डाव्या बाजूला ते चार बोटांच्या अंतरात तीनदा सुटलं. स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो सरळ आत गेला. या पट्टीला खालून पाणी जायला भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पावसाचं पाणी आतच राहतं आणि गंज आतून बाहेर येतो. वरचा रंग शेवटपर्यंत चकचकीत दिसतो. आधीच्या कुणी त्या खड्ड्यांत नुसती लांबी भरून वर रंग मारला होता. जिच्यावर गाडीचा भार येतो त्या जागी लांबी भरणं ही मालकाची फसवणूक आहे, आणि गाडीत बसणाऱ्यांच्या जिवाशी खेळ.

कुजका पत्रा कापण्याआधी डेंटरने दरवाजाच्या चौकटीत आडवे अँगल टॅक केले, म्हणजे पत्रा निघाल्यावर गाडी मधे झुकणार नाही. मग पुढच्या भागाची कर्णमापं घेतली आणि मिस्त्रींना हाक मारली. दोन कर्णांत फरक होता, डावी बाजू मागे सरकलेली. जुनी ठोकर असणार. ती साखळीने ओढून सरळ झाल्यावरच पॅच बसला. वेल्डिंग सलग मारत नाहीत. इथे एक टाका, तिथे एक टाका, मधे थंड होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा लाटेसारखा वाकतो.

मडगार्डवरचं काम मी तासभर उभा राहून पाहिलं. ठोकर लागून ताणलेला पत्रा दाबला की आत जाई आणि टक् आवाज करून बाहेर येई. असा पत्रा नुसता ठोकून बसत नाही, आणखी पसरतो. डेंटरने मधोमध रुपयाएवढी जागा गॅसने लाल केली, खाली डॉली धरून भोवतीने हलक्या हाताने ठोकली आणि ओलं फडकं लावलं. निवताना पत्रा आक्रसतो. असं चार-पाच जागी केल्यावर त्याने डोळे मिटून तळहात फिरवला. "डोळ्याला दिसत नाही साहेब, हाताला लागतं," म्हणाला. मलाही फिरवायला लावला आणि खरंच, दिसत नव्हता तो उंचवटा बोटांना लागला.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्राने व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. त्यांत बॉडी, चॅसी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी बसत नाही. म्हणून इथे पॅच मूळच्याच आकाराचा कापतात. सुट्या भागांची अडचण मात्र वाढतच जाणार. मुंबईतून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. रोज गिऱ्हाईक होतं तोवर किंगपिनचा सेट कुणीही दुकानदार ठेवायचा. आता फोन करावे लागतात, आणि मिळालेला बुश कॅलिपरने मोजून घ्यावा लागतो.

जोडणीत मिस्त्री एका गोष्टीवर अडून बसतात. आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी घोडीवर असताना फक्त हाताने लावायचे. चाकं जमिनीवर टेकली, गाडी दोन-चारदा दाबून आपल्या उंचीवर बसली, की मगच पान्हा. लोंबत्या आर्मवर आवळलं तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, गाडी उतरवली की पिळवटतं आणि लवकर फाटतं.

रंग अजून दिलेला नाही. रेड ऑक्साइड मारलेली गाडी दोघांनी मिळून मुळशीच्या रस्त्याला नेली. मिस्त्रींनी स्टिअरिंग सैल सोडलं आणि ती किंचित डावीकडे गेली. परत आल्यावर तारेवरून जागच्या जागी बसवलेले शिम पुन्हा निघाले. कर्ण सरळ झाल्यामुळे जुनं माप आता लागू नव्हतं. डावीकडचा एक काढला, पुन्हा फेरी मारली. जोडणीत घातलेल्या नव्या स्प्रिंगा बसायला काही दिवस घेतात, तोवर गाडी अशीच चालवायची, मग टो-इन पुन्हा बघायचं, आणि पेंटरला तारीख त्यानंतरची द्यायची, असं दोघांचं ठरलं.