पाया खचलेले घर व गवंड्याची निवड

काळ्या जमिनीवरील घरांच्या भिंतींना उन्हाळ्यात तिरप्या भेगा पडतात. पावसाळ्यात त्या काहीशा मिटतात. भुई फुगते व आकसते, त्याचाच हा परिणाम होय. नुसत्या भेगा लिंपून देणाऱ्या गवंड्यास काम देऊ नये. जो प्रथम भिंतीलगत खड्डा घेऊन मुरूम किती खोल लागतो ते पाहतो व मगच खर्च सांगतो, तो जाणकार समजावा. त्याने तीनचार पावसाळ्यांपूर्वी दुरुस्त केलेले घर समक्ष पाहावे. सबंध भिंतीखालची माती एकदम काढू पाहणाऱ्यास मात्र तेथेच थांबवावे. भिंत माणसांच्या अंगावर यावयाची! दोनतीन हात लांबीचे, एक सोडून एक असे भाग खणून भरावेत. मजुरीचा करार साक्षीदारांसमक्ष लिहावा. शेवटचा हप्ता पावसाळा उलटल्यावर द्यावा.