आधी आकडा, मग पार्ट!

जुनी गाडी चढावर दम टाकते आणि गॅरेजवाला लगेच पंपाचा भाव सांगतो. पण खरा चोर कधी कधी डिकीतल्या मॅटखाली, एका गंजलेल्या बोल्टवर बसलेला असतो!

पहिला जॉब, शेअरिंगमधला फ्लॅट आणि घरून मिळालेली बाबांची जुनी गाडी. हे पॅकेज आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या ओळखीचं. अशा गाडीचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तिला ईएमआय नसतो. पण ती एकदा कुरकुरायला लागली, की मेकॅनिकच्या एका वाक्यावर आपल्या अख्ख्या महिन्याचं बजेट ठरतं.

माझी गाडी २००६ सालची पेट्रोल हॅचबॅक. नोकरी पुण्यात, आई-बाबा ठाण्याला. दिवसा शहरात ही बया एकदम गुणी. पण रविवारी रात्री परतताना खंडाळ्याचा चढ आला, की पिकअप गायब आणि झटके सुरू! मागून ट्रेलर येतोय, हॅझर्ड लाइट लावलेत आणि गाडी चाळीसच्या वर जायला तयार नाही. यात थ्रिल वगैरे काही नसतं, नुसता जीव मुठीत.

गॅरेजमध्ये गेले, तर पाच मिनिटांत निकाल. ‘मॅडम, पंप गेला. पूर्ण असेंब्ली टाकावी लागेल.’ सांगितलेला आकडा माझ्या घरभाड्याच्या वर होता.

‘पण प्रेशर किती आलं?’ मी विचारलं.

‘प्रेशर काय बघायचं त्यात? गाडी जुनी झालीय ना!’

म्हणजे कोणी मोजलंच नव्हतं. मी गाडी घेऊन निघाले.

पंपाला हवं काय?

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप विजेवर चालतो आणि बहुतेक वेळा टाकीतच बुडालेला असतो. तो पेट्रोल फिल्टरमधून पुढे ढकलतो, रेग्युलेटर प्रेशर ठरावीक ठेवतो आणि इंजेक्टर फवारा मारतात. माझ्या गाडीच्या काळातल्या बऱ्याच इंजिनांना साधारण तीन बार प्रेशर लागतं. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. प्रेशर कमी पडलं, की सकाळी बराच वेळ सेल मारावा लागतो, चढावर दम लागतो आणि जोरात अॅक्सिलरेटर दिला की झटके बसतात.

आता यातली गंमत बघा. पंप म्हणजे शेवटी एक मोटर. तिला व्होल्टेज कमी मिळालं, तर ती हळू फिरणार आणि प्रेशर पडणार. पंप ठणठणीत असला तरी! म्हणजे पेट्रोलचं दिसणारं दुखणं मुळात विजेचं असू शकतं.

२०१० नंतर भारत स्टेज ४ बरोबर गाड्यांना ऑन-बोर्ड डायग्नॉस्टिक्स सक्तीचं होत गेलं. त्याआधीच्या गाड्यांना बाजारातला साधा स्कॅनर लागेलच असं नाही. आणि लागला तरी प्रेशरचा सेन्सरच नसेल, तर तो सांगणार काय? इथे दोनच गोष्टी कामाच्या : प्रेशर गेज आणि मल्टिमीटर.

काट्याने चहाडी केली

मैत्रिणीने एका वायरमन काकांचं नाव सुचवलं. काकांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी प्रश्न विचारले. ‘ताई, त्रास रात्रीच जास्त होतो का? लाइट लावल्यावर पेट्रोलचा काटा हलतो का?’

हलायचा! हेडलाइट लावले की काटा सरकायचा आणि ब्रेक दाबला की आणखी. मला वाटायचं, जुना मीटर आहे, चालायचंच. काकांनी मला गाडीच्या मागे उभं केलं. इंडिकेटर चालू ठेवून ब्रेक दाबला, तर शेजारचा टेललाइटही इंडिकेटरच्या तालावर मंद-मंद लुकलुकायला लागला. ‘अर्थिंग गेलंय मागचं,’ काका म्हणाले. ‘पण मोजूया, मग बोलू.’

हे ‘मोजूया’ ऐकून जीव भांड्यात पडला.

आधी बॅटरी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी फुल, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसले, तर अल्टरनेटर ठीक. माझ्याकडे १३.९ होते.

मग लाइट लावून पंपाच्या कनेक्टरवर मोजलं, तर फक्त १०.९! वाटेत तीन व्होल्ट गायब. प्लसच्या बाजूला ०.४ चीच गळती होती. मायनसच्या बाजूला, म्हणजे पंपाची अर्थ वायर आणि बॅटरीचं मायनस टर्मिनल यांच्यात, तब्बल २.६. इथे आकडा ०.२ च्या आत हवा. प्रेशर गेज लावला, तर २.२ बार.

शाळेतला ओहमचा नियम आठवतोय? पाच अॅम्पिअर करंट आणि अर्धा ओहम रेझिस्टन्स, की अडीच व्होल्ट खल्लास. अर्धा ओहम म्हणजे थोडासा गंज! डिकीतली मॅट उचलली, तर पंप, टेललाइट आणि पेट्रोलचा मीटर या सगळ्यांची अर्थ वायर एकाच बोल्टवर होती. वर्षानुवर्षं पावसाची ओल लागून त्याचा भुगा होत आलेला. रात्री लाइट आणि ब्रेकचा करंट त्याच वाटेने जायचा, म्हणून पंप आणखी उपाशी.

काकांनी बोल्ट काढला, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला, वायरला नवीन थिंबल लावलं आणि वरून ग्रीस. पंपावर आता १३.४ व्होल्ट आणि गेजवर तीन बार. बिल शुक्रवारच्या पिझ्झाएवढं.

कधी कधी पंप खरंच जातो

काकांना हीरो करताना गॅरेजवाल्याला व्हिलन करायला नको. व्होल्टेज पूर्ण मिळूनही प्रेशर कमी असेल, तर फिल्टर चोक, रेग्युलेटर बाद किंवा पंपच थकलेला, असं असू शकतं. आयडलला प्रेशर ठीक, पण रेस केल्यावर पडत असेल, तर आधी फिल्टर बघा. इंजिन बंद केल्यावर प्रेशर झपकन उतरत असेल, तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर बघायचा. म्हणजे पंप बदलायला ना नाही. पण आधी आकडा दाखवा, मग पार्ट बदला.

एवढं करून बघाच

• चावी ऑन करा, सेल मारू नका. मागून दोनेक सेकंद ‘गुंईं’ आवाज यायला हवा. नाही आला तर आधी फ्यूज आणि रिले बघा. हॉर्नचा रिले हुबेहूब त्याच नंबरचा असेल, तर तो बदलून बघता येतो.

• लाइट, ब्रेक आणि इंडिकेटर एकत्र लावून मागे जाऊन बघा. दिवे एकमेकांत मिसळले, की अर्थिंगवर संशय घ्या.

• गाडी कायम रिझर्व्हवर चालवू नका. टाकीतलं पेट्रोलच पंपाला गार ठेवतं.

• प्रेशर गेज लावणं हे घरी करायचं काम नाही. लाइनमध्ये पेट्रोल प्रेशरखाली असतं. आधी प्रेशर उतरवायचं, आसपास विडी-सिगरेट अजिबात नको.

• एस्टिमेट मिळालं की एकच प्रश्न विचारा : ‘किती बार आणि किती व्होल्ट?’ उत्तर नसेल, तर चावी परत घ्या आणि दुसरं गॅरेज शोधा.