राष्ट्रपती राजवट : केंद्राच्या अधिकाराला मर्यादा कोणत्या?

राज्याचा कारभार राज्यघटनेनुसार चालणे अशक्य झाले, तर कलम 356 नुसार राष्ट्रपती राज्य सरकारचे अधिकार आपल्याकडे घेऊ शकतात. हीच राष्ट्रपती राजवट. राष्ट्रपती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, म्हणून प्रत्यक्षात निर्णय केंद्राचा असतो. कारभार राज्यपालांमार्फत चालतो. उच्च न्यायालयाचे अधिकार मात्र अबाधित राहतात.

या घोषणेला दोन महिन्यांत लोकसभा आणि राज्यसभा या दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते. एका मंजुरीने राजवट सहा महिने चालते, कमाल मुदत तीन वर्षे. एका वर्षापुढे ती वाढवण्यावर 1978च्या 44व्या घटनादुरुस्तीने कडक अटी घातल्या.

तरीही या कलमाचा गैरवापर झाला. 1959 मध्ये केरळातील नंबुद्रिपाद सरकार बहुमत असतानाही बरखास्त झाले. 1980 मध्ये केंद्रात सत्ताबदल होताच महाराष्ट्रातील शरद पवार यांचे पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारही गेले.

याला लगाम घातला तो बोम्मई खटल्यातील 1994च्या निकालाने. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितले, की बहुमताचा फैसला राजभवनात नव्हे, विधानसभेत व्हावा. घोषणा न्यायालयात तपासता येईल. संसदेच्या मंजुरीआधी विधानसभा विसर्जित करता येणार नाही.

राज्य सरकार जनतेने निवडलेले असते. ते हटवण्याचा अधिकार हा शेवटचा उपाय आहे, राजकीय सोयीचे हत्यार नव्हे.