फोनला दिसतं, मग लॅपटॉपला का नाही?

आजचा भाग माझ्याच एका चुकीवर आहे.

मागच्या महिन्यात घरी गेलो होतो. अकरा वाजता धाकट्या बहिणीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू, आणि मी तिला दिलेल्या जुन्या लिनक्स लॅपटॉपवर घरचं वायफाय दिसेचना. शेजाऱ्यांचं दिसतंय, आमचंच नाही! फोनवर मात्र फुल रेंज. “दादा, तू इंजिनिअर ना? कर की काहीतरी!” शेवटी फोन केबलने जोडून नेट दिलं. इंटरव्ह्यू पार पडला. मग शोधायला बसलो.

आता बघा, आपण वायफाय चालू करतो तेव्हा आपली मागणी थेट कार्डाकडे जात नाही. लिनक्समध्ये ड्रायव्हरच्या वर ‘सीएफजी८०२११’ नावाचा एक थर असतो. स्कॅन कर, या नेटवर्कला जोड, असं सगळं त्याच्यामार्फत ड्रायव्हरला जातं. त्याच्याकडे देशांचा एक तक्ता असतो: कुठे कोणती फ्रिक्वेन्सी चालते आणि किती पॉवरने.

२.४ गिगाहर्ट्झ बँडमध्ये चॅनेल १ म्हणजे २४१२ मेगाहर्ट्झ. पुढचं प्रत्येक चॅनेल ५ मेगाहर्ट्झने वर, म्हणजे १३ वं २४७२ वर. भारताच्या तक्त्यात तेराही चॅनेल चालतात, अमेरिकेच्या तक्त्यात फक्त ११. आमचा राउटर ‘ऑटो’वर होता आणि नेमका १३ वर जाऊन बसला होता.

‘आयडब्ल्यू रेग गेट’ ही कमांड दिली, तर देश आला ‘यूएस’! कॉलेजात असताना इंटरनेटवरची एक ओळ न वाचताच सेटिंगच्या फाइलमध्ये मीच चिकटवली होती. त्यामुळे कार्ड चॅनेल १३ कडे बघतच नव्हतं. बंद चॅनेल स्कॅनमध्ये येतच नाही, त्यामुळे एररही येत नाही. फोन बहुतेकदा मोबाइल नेटवर्कवरून देश ओळखतो, म्हणून त्याला अडचण आली नाही.

फाइलमध्ये ‘यूएस’चं ‘आयएन’ केलं, रीस्टार्ट केला, आणि वायफाय हजर!

तुमच्याकडे असं झालं तर आधी राउटरचा चॅनेल बघा. १, ६ किंवा ११ वर ठेवलात तर हा घोळ होत नाही. लगेच नवं कार्ड घ्यायला धावू नका. आणि हो, जास्त पॉवर मिळेल म्हणून दुसऱ्या देशाचा कोड टाकू नका. तो तक्ता म्हणजे त्या त्या देशाचा नियम आहे.

बहिणीला नोकरी लागली का? निकाल अजून यायचाय. तोवर भेटू पुढच्या भागात!