फ्रान्सच्या खेड्यातलं अर्धवट दुरुस्त घर घेताय? आधी हे वाचा

जाड दगडी भिंती, जुन्या लाकडी तुळया, मागे फळझाडांची बाग आणि किंमत मुंबई-पुण्यातल्या छोट्या फ्लॅटएवढी, कधी त्याहूनही कमी! फ्रान्सच्या ग्रामीण भागातल्या घरांच्या जाहिराती मोबाइलवर पाहिल्या की कुणालाही भुरळ पडते. ब्रिटिश कुटुंबं गेली अनेक वर्षं दोर्दोन्य, लिमुझँ, ब्रिटनी या भागांत अशी घरं घेत आली आहेत. परदेशी माणसाला फ्रान्समध्ये घर घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. तुमची मुलं युरोपात नोकरी करत असतील, तर हा विषय तुमच्याही घरात निघू शकतो. त्यात ‘अर्धं काम झालेलंच आहे’ असं कळलं की मोह आणखी वाढतो. पण खरी पारख याच अर्ध्या कामाची करायची असते.

घर स्वस्त का आहे?

तरुण मंडळी शहरात गेली आणि खेडी रिकामी झाली. आजी-आजोबांचं घर चार वारसांच्या नावावर येतं आणि ते सांभाळायला कुणालाच वेळ नसतो. क्रूझसारख्या जिल्ह्यात घरं स्वस्त मिळतात, ती यामुळेच. म्हणून घराआधी गाव पाहा. बेकरी, डॉक्टर, रेल्वे स्टेशन किती लांब आहे? गाडीशिवाय चालेल का?

जाहिरातीतले शब्दही ओळखून ठेवा. ‘आ राफ्रेशीर’ म्हणजे रंगरंगोटीपुरतं काम. ‘आ रेनोव्हे’ म्हणजे मोठी दुरुस्ती. ‘ओर दो, ओर देर’ म्हणजे छप्पर आणि खिडक्या-दारं बसली आहेत, पाऊस-वारा आत येत नाही, पण आतलं सगळं बाकी आहे.

झालेलं काम कुणी केलं?

हा प्रश्न सर्वात आधी विचारा. फ्रान्समध्ये बांधकाम व्यावसायिकावर मोठ्या दोषांसाठी 10 वर्षांची जबाबदारी असते आणि त्यासाठी त्याला विमा घ्यावाच लागतो. तेव्हा मालकाकडून कामाची बिलं आणि या विम्याचं प्रमाणपत्र मागा. मालकाने स्वतःच्या हाताने काम केलं असेल, तर 10 वर्षं तोच जबाबदार असतो. पण मागे विमा नसेल, तर भरपाई वसूल करणं कठीण जातं.

परवानगीही तपासा. नवी खिडकी पाडली असेल, धान्याच्या कोठाराची खोली केली असेल, तर गावच्या नगरपालिकेत, म्हणजे ‘मेरी’त, त्याची नोंद हवी. ऐतिहासिक वास्तूच्या परिसरातलं घर असेल, तर नियम आणखी कडक असतात.

भिंतींना हात लावून पाहा. ही जुनी घरं आपल्या वाड्यांप्रमाणे चुन्यात किंवा मातीत बांधलेली असतात. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते. नव्या कोऱ्या जिप्सम बोर्डामागेही ओल लपलेली असू शकते. कुबट वास, भिंतीच्या तळाशी पांढरे क्षार दिसले तर सावध व्हा.

अहवाल चाळू नका, वाचा

विकणाऱ्याला तपासणी अहवाल द्यावेच लागतात. त्यात काय पाहाल?

• ऊर्जा: ‘ए’ ते ‘जी’ अशी श्रेणी असते. ‘जी’ म्हणजे हिवाळ्यात मोठं बिल. 2025पासून ‘जी’ श्रेणीचं घर राहण्यासाठी नव्याने भाड्याने देता येत नाही.
• शिसं: 1949पूर्वीच्या घरात रंगात शिसं असू शकतं. लहान मुलं असतील तर हे दुर्लक्षू नका.
• वीज: वायरिंग 15 वर्षांहून जुनं असेल तर त्याचा अहवाल लागतो.
• सांडपाणी: खेड्यात बहुतेकदा सेप्टिक टँक असतो. तो नियमात बसत नसेल, तर खरेदीनंतर वर्षभरात तुम्हालाच दुरुस्त करावा लागतो. हा खर्च किमतीच्या बोलणीतच काढा.

व्यवहार कसा होतो?

सगळा व्यवहार ‘नोतेर’ या सरकारमान्य अधिकाऱ्यामार्फत होतो. तुम्ही तुमचा वेगळा नोतेर नेमू शकता. त्याने एकूण शुल्क वाढत नाही, दोघांत वाटलं जातं. आधी प्राथमिक करार होतो. त्यानंतर खरेदीदाराला 10 दिवस मिळतात. या काळात कारण न देता माघार घेता येते. इसारा साधारण 5 ते 10 टक्के असतो. तो विकणाऱ्याच्या हातात देऊ नका, नोतेरच्या खात्यातच भरा. कर्ज मिळालं नाही तर व्यवहार रद्द, अशी अट हवी असेल तर ती याच करारात घाला. अंतिम खरेदीखत बहुधा 2-3 महिन्यांत होतं. जुन्या घराला नोंदणीखर्च साधारण 7 ते 8 टक्के येतो, अगदी स्वस्त घराला हे प्रमाण जास्तही पडतं.

भारतातून पैसे पाठवताना

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. अशा कारणासाठी 10 लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक सध्या 20 टक्के कर आगाऊ कापते. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर पैसे अडकतात. परदेशातलं घर दरवर्षी विवरणपत्रात दाखवणं बंधनकारक आहे.

घर आपलं, पण मुक्काम?

घर घेतलं म्हणून फ्रान्समध्ये राहण्याचा हक्क मिळत नाही. शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. उरलेल्या काळात घर बंद राहणार, पण मालमत्ता कर भरावाच लागणार. शिवाय दुसऱ्या घरावर वेगळा निवास कर आहे. थंडीत नळातलं पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून ते काढून ठेवायला गावात विश्वासाचं कुणीतरी लागतं. वारसाहक्काचे फ्रेंच नियमही आपल्यापेक्षा वेगळे आहेत. घर कुणाच्या नावावर घ्यायचं, हे नोतेरला विचारूनच ठरवा.

आणि एक करा. जून महिन्यात घर आवडलं, तर सही करण्याआधी जानेवारीतही एकदा जाऊन या. छप्पर गळतं का, भिंत ओलावते का, शेजारचं दार उघडं असतं का, हे हिवाळ्यातच कळतं. त्या दिवसांतही तिथे राहावंसं वाटलं, तर खुशाल बोलणी सुरू करा.