हिवाळी टायर: पकड आणि पैसा

तापमान 7 अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की उन्हाळी टायरचे रबर कडक होते आणि रस्त्यावरची पकड ढिली पडते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही लवचीक राहते. त्यावरच्या असंख्य बारीक चिरांच्या कडा बर्फात रुततात. फिनलंडमध्ये ट्रकसाठी असा पहिला टायर 1934 साली बनला.

घेताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण, हे चिन्ह पाहावे. बर्फावरच्या चाचणीत उतरलेल्या टायरलाच ते मिळते. नुसत्या ‘एम प्लस एस’ या अक्षरांसाठी अशी चाचणी लागत नाही.

आता खर्च. दुसऱ्या संचाची किंमत एकदम टोचते खरी, पण एक संच वापरात असताना दुसरा झिजत नाही. वेगळ्या रिमवर बसवून ठेवला, तर दर मोसमाची मजुरीही कमी होते. कॅनडातल्या ओंटारिओत 2016 पासून विमा कंपन्यांना हिवाळी टायरवर सवलत द्यावीच लागते.

बर्फ क्वचितच पडणाऱ्या शहरात हेच चिन्ह असलेला बारमाही टायर परवडतो. कॅनडातल्याच क्वेबेकमध्ये मात्र 1 डिसेंबर ते 15 मार्च या काळात चिन्हांकित टायर सक्तीचे आहेत. तिथल्या कडाक्याला खास हिवाळी टायरच घ्यावा, आणि तोही चारही चाकांना.