घरचा संगणक आणि दूरचा हात

शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने गाव सोडलेल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या घरी आज संगणक आहे. धाकट्या भावंडांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, शेतीचे उतारे, विजेचे देयक अशी कामे त्यावर होतात. मात्र कोठे अडले की फोनवरून 'डावीकडच्या कोपऱ्यात काय दिसते?' अशी विचारपूस सुरू होते आणि तासभर बोलूनही काम तसेच राहते. दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यासमोर आणून त्यावर स्वतः काम करण्याची सोय आता विनामूल्य उपलब्ध आहे. ती कशी चालते आणि ती स्वीकारताना घराची किल्ली कोणाच्या हाती जाते, हे जाणून घेणे आवश्यक आहे.

यामागील कल्पना साधी आहे. घरच्या संगणकावरील प्रणाली पडद्याचे चित्र आपल्याकडे पाठवते. आपण दाबलेल्या कळा आणि माउसच्या हालचाली उलट दिशेने तिच्याकडे जातात. प्रत्येक वेळी संपूर्ण चित्र पाठवावे लागत नाही. पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवला जातो. त्यामुळे इंटरनेटचा वेग बेताचा असला तरी लिहिणे, अर्ज भरणे, फाइल शोधणे अशी कामे जमतात. चलच्चित्र पाहण्यास मात्र ही सोय योग्य नव्हे.

ही पद्धत सर्वांसाठी खुली करणारी व्हीएनसी ही प्रणाली इंग्लंडमधील केंब्रिजच्या एका संशोधन प्रयोगशाळेत तयार झाली आणि १९९८ मध्ये मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाली. पुढे ती प्रयोगशाळा बंद पडली. पण प्रणालीचा मूळ संकेत लोकांच्या हाती असल्याने टाइटव्हीएनसी, टायगरव्हीएनसी यांसारख्या आवृत्त्या इतरांनी पुढे चालवल्या. 'मोफत' आणि 'मुक्त' यांतील भेद येथे स्पष्ट होतो. मोफत वस्तू देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा आणि इतरांना देण्याचा अधिकार आपल्याकडे राहतो.

घरच्या संगणकापर्यंत बाहेरून पोहोचण्यात एक अडचण असते. वसतिगृहाचा टपालपत्ता एकच असतो आणि आत शंभर मुले राहतात. पाकिटावर मुलाचे नाव नसेल तर ते कोणाला द्यावे, हे दाराशी बसलेल्या माणसाला कळत नाही. घरातील राउटरची स्थिती अशीच असते. शिवाय इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या पुष्कळदा अनेक घरांना मिळून एकच बाह्य पत्ता देतात. यावर उपाय म्हणून दोन्ही संगणक प्रथम एका मध्यस्थ सर्व्हरशी संपर्क साधतात. तो त्यांची गाठ घालून देतो. थेट जोडणी होत नसेल तर माहितीची ने-आणही करतो.

रस्टडेस्क ही प्रणाली याच तत्त्वावर चालते. ती मुक्त परवान्याखालील असून विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइड यांवर वापरता येते. ती सुरू केल्यावर पडद्यावर एक क्रमांक आणि तात्पुरता पासवर्ड दिसतो. घरच्यांनी ते आपल्याला सांगितले की जोडणी होते. पाठवली जाणारी माहिती कूटबद्ध असते. मध्यस्थही आपलाच असावा असे वाटल्यास तो सर्व्हर स्वतः उभारता येतो. एखाद्या संस्थेला हे सहज शक्य आहे. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टची स्वतःची रिमोट डेस्कटॉप सोय असली, तरी घरगुती संगणकांवर सामान्यतः आढळणारी होम आवृत्ती बाहेरून येणारी जोडणी स्वीकारत नाही.

काही तयारी गावी प्रत्यक्ष गेल्यावरच करावी. प्रणाली तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. संगणक आपोआप निद्रावस्थेत जाणार नाही अशी व्यवस्था करावी, कारण झोपलेल्या संगणकाशी जोडणी होत नाही. घरी कोणी नसतानाही संगणक वापरायचा असेल तर कायमचा पासवर्ड ठेवावा लागतो. तो लांब आणि इतरत्र न वापरलेला असावा. व्हीएनसीच्या मूळ पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरे ग्राह्य धरली जातात आणि पुढील देवाणघेवाण कूटबद्ध नसते. म्हणून ती प्रणाली इंटरनेटवर थेट उघडी ठेवू नये. एसएसएचसारख्या सुरक्षित मार्गातूनच वापरावी.

सर्वांत मोठा धोका मात्र तंत्रात नसून अनोळखी आवाजात आहे. 'बँकेतून बोलतो, हे अॅप घ्या आणि पडद्यावरचा क्रमांक सांगा,' असा फोन करून लोकांची खाती रिकामी केली जातात. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने अशा फसवणुकीविषयी बँकांना सावध केले होते. मुलगा मदतीसाठी जे साधन वापरतो, तेच चोरही वापरतो. फरक एवढाच की मदत आपण मागितलेली असते, तर चोर स्वतःहून फोन करतो. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना एक नियम नीट समजावून द्यावा: आपण होऊन ज्याला फोन लावला त्यालाच क्रमांक सांगायचा, ज्याचा फोन आला त्याला कधीही नाही. मुलाच्या नावाने फोन आला तरी तो ठेवून मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः फोन लावावा.

मदत करणाऱ्यानेही मर्यादा पाळावी. आपण काय करणार आहोत ते आधी सांगावे, काम संपताच जोडणी तोडावी आणि आई-वडिलांच्या नकळत त्यांच्या संगणकात शिरू नये. जोडणी चालू असताना माउस आणि कळफलकाची परवानगी काढून घेण्याची सोय रस्टडेस्कमध्ये घरच्या बाजूला असते. ती त्यांना दाखवून ठेवावी. तिचा आणखी एक उपयोग आहे. परवानगी काढल्यावर आपल्याला पडदा केवळ दिसतो. मग आपण तोंडी सांगावे आणि अर्ज आईने किंवा धाकट्या बहिणीने स्वतःच्या हाताने भरावा. वेळ थोडा अधिक लागेल. पण पुढच्या वर्षी तोच अर्ज भरताना त्यांना फोन करावा लागणार नाही.